बर्फाची बॅटरी डेअरीत आधीपासूनच आहे

वीज साठवायची तर लिथियम बॅटरीच, हा वीज साठवणुकीवरच्या लेखातला सूर पटला नाही. दूध शीतकरण केंद्रातली आइस बँक, म्हणजे बर्फ साठवणारी टाकी बघा. रात्रभर कॉम्प्रेसर चालतो, टाकीतल्या कॉइलवर (थंड नळ्यांवर) बर्फाचा थर चढतो. सकाळी कॅन आले की त्याच टाकीतलं गार पाणी फिरवून दूध ४ अंशांपर्यंत उतरवतात. एक टन बर्फ वितळताना सुमारे ९३ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता शोषतो, आणि तेवढा गोठवायला वीज त्याहून बरीच कमी लागते. फक्त थर फार जाड होऊ द्यायचा नाही. दोन कॉइलमधला बर्फ एकमेकांना चिकटला की पाणी फिरत नाही, मग बसा बोंबलत! गच्चीवरच्या सोलर हीटरची टाकीही उष्णताच साठवते, पण तिला कोण विचारतो? अर्थात बर्फावर पंखा, दिवे चालणार नाहीत, तिथे बॅटरी हवीच. पण हॉटेल, हॉस्पिटलच्या एसीसाठी लेखात हा हिशेब आधी मांडायला हवा होता.