'स्टेरॉइड आजच बंद करा' हा संदेश पुढे पाठवू नका

"ल्यूपस, आमवाताच्या रुग्णांनी प्रेडनिसोलोन लगेच थांबवावे, नाहीतर काळी बुरशी होते, खबरदारी म्हणून फ्लुकोनॅझोल घ्यावे," असा संदेश फिरतो आहे. (ल्यूपस म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार; प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, तर फ्लुकोनॅझोल बुरशीविरोधी औषध.) यातली भीती अगदीच निराधार नाही, सल्ला मात्र घातक आहे.

तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ स्टेरॉइड घेतल्यावर शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल, म्हणजे नैसर्गिक स्टेरॉइड, कमी बनवते. गोळी एकदम सोडली की उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जिवावर बेतू शकते. मूळ आजार उसळतो तो वेगळाच. म्हणून डोस डॉक्टर टप्प्याटप्प्याने उतरवतात.

फ्लुकोनॅझोल तोंडातल्या कॅन्डिडा या बुरशीवर चालते, म्युकरवर म्हणजे काळ्या बुरशीवर नाही. म्युकरला अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे बुरशीविरोधी औषध आणि बहुधा शस्त्रक्रिया लागते. 2021 मध्ये भारतातल्या बहुसंख्य म्युकर रुग्णांना मधुमेह होता. तेव्हा साखर तपासा, तीही दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी. सकाळच्या गोळीने साखर दुपारनंतर चढते आणि उपाशीपोटीचा आकडा फसवतो.

संदेशात न्यूमोसिस्टिस या बुरशीजन्य न्यूमोनियाचा उल्लेखच नाही. रोज 20 मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन महिनाभर, जोडीला सायक्लोफॉस्फामाइडसारखे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध असेल, तर प्रतिबंधासाठी कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक द्यायचे का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून घेऊ नका: आमवातावरच्या मेथोट्रेक्सेट या औषधाबरोबर त्याने रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घटू शकतात.

चेहऱ्याच्या एका बाजूला सूज किंवा बधिरता, नाकातून काळपट स्राव, दुहेरी दिसणे, कोरडा खोकला आणि चालताना धाप यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

तो संदेश तुमच्याकडून गेला असेल, तर कृपया त्याच गटात हा खुलासा टाका.