खासबागेच्या भिंतीच्या दोन्ही बाजूला

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं आणि आम्ही बाहेर रस्त्यावर नुसते उभे होतो. दुसऱ्या दिवशी संगीत नाटकातले गायक-नट केशवरावांची जयंती. रंगकर्मी रडत होते, ते कुणालाही कळेल. पण माझ्या शेजारी गाडीवर भेळ विकणारे एक मामा उभे होते, तेही डोळे पुसत होते. आत बसून त्यांनी एकही नाटक पूर्ण पाहिलं नसेल, कारण मध्यंतराला त्यांची जागा गाडीवर. तरी ते नाट्यगृह त्यांचं होतं.

कोल्हापूरबाहेरच्या मित्रांसाठी सांगते. शाहू महाराजांच्या काळात १९१२ ला खासबाग कुस्ती मैदान पुरं झालं. त्याला लागूनच १९१५ ला पॅलेस थिएटर उभं राहिलं, तेच आजचं केशवराव. भिंतीच्या एका बाजूला तांबड्या मातीचा वास, दुसऱ्या बाजूला रंगाचा. आणि दोन्हीकडून सुटलेली गर्दी भुकेली होऊन येणार ती शेजारच्या खाऊगल्लीत. गावाकडून कुस्त्या बघायला आलेला शेतकरी आणि संगीत नाटक ऐकून निघालेले वकीलसाहेब एकाच गाडीसमोर भेळेचा कागद धरून उभे राहायचे. त्यांची ओळख कुणी करून दिली नव्हती. जागाच तशी होती.

आपण कोल्हापूरकर स्वतःला रांगडे, दिलदार म्हणवून घेतो. मला ते पूर्ण पटत नाही. माणसं सगळीकडं सारखीच असतात. इथं माणूस माणसाला धरून राहिला तो अशा जागांमुळं, आणि त्या कुणीतरी मुद्दाम बांधल्या, पोसल्या, गरिबाला परवडतील अशा ठेवल्या म्हणून. देवल क्लब ही आमची संगीतसंस्था १८८३ पासून गाणं ऐकवतेय. मोठे गवई अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात आले आणि त्यांचे चिरंजीव भूर्जी खाँ अंबाबाईच्या देवळात गायले. ज्याच्या घरी तंबोरा नव्हता त्याच्याही कानावर हे गाणं पडत होतं.

पण मला सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे तालीम. आमच्या पेठांत तालीम म्हणजे फक्त आखाडा नाही. गणपती तिचा, फुटबॉलची टीम तिची, कुणाच्या घरी मयत झालं तर धावणारी पोरंही तिचीच. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, बालगोपाल ही नावं शाहू स्टेडियमवर टीमची म्हणून गाजतात, पण आधी ती गल्लीतल्या पोरांची नावं आहेत. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. नायजेरियातून येऊन इथल्या टीमकडून खेळलेल्या पोरांना पेठेतल्या बायकांनी जेवायला वाढलंय.

आणि हे सगळं चालतं कशावर? वर्गणीवर. आमच्या अप्पांचं वह्या-पेनांचं छोटं दुकान होतं. फुटबॉलचा सीझन सुरू व्हायच्या आधी तालमीची पोरं पावतीपुस्तक घेऊन यायची. अप्पा दरवर्षी थोडी घासाघीस करायचे आणि दरवर्षी द्यायचे. शेजारचा सायकलवाला द्यायचा, किराणावाला द्यायचा, चहावाला पैसे नसले तर मॅचच्या दिवशीचा चहा द्यायचा. लहानपणी मला वाटायचं, अप्पा हे पैसे उगीच घालवतात. पुढं कळलं, की वर्गणी देणाऱ्याला विचारायचा हक्क मिळतो. "काय रे, दहावीचं काय झालं? प्रॅक्टिसला जातोस की कट्ट्यावरच बसतोस?" हे अप्पा त्या पोरांना बिनधास्त विचारायचे आणि पोरं मान खाली घालून उत्तर द्यायची.

खेळासाठी खिसा रिकामा करायची रीत इथं जुनी आहे. खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला निघाले तेव्हा पैसे कमी पडत होते, तर राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा ब्राँझ घेऊन आले.

२०१९ च्या महापुरात पंचगंगा घराघरात शिरली तेव्हा मी हे सगळं एकत्र पाहिलं. स्टेडियमवर एकमेकांविरुद्ध घसा फोडणारी पोरं गुडघाभर पाण्यात एकाच दोराला धरून म्हाताऱ्यांना बाहेर काढत होती. कोणत्या घरात कोण अंथरुणाला खिळलंय हे त्यांना माहीत होतं, कारण वर्गणीसाठी प्रत्येक दार त्यांनी वाजवलेलं होतं. तांदूळ-डाळ दुकानदारांनी काढून दिली, कुणी हिशोब मागितला नाही.

स्टेडियमवर मारामाऱ्या होतात, हेही खरं आहे. ईर्ष्येचं भांडण गल्लीत येतं, एखाद्या आईची रात्र पोलीस ठाण्याबाहेर जाते. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. तरीही तालमी बंद करा म्हणणाऱ्यांशी मी भांडते. त्या पोराला ओळखणारं, त्याला रागावणारं दुसरं कोण उरलंय?

म्हणून आता दोन गोष्टी मनापासून मागते. केशवराव जसं होतं तसं उभं राहावं, ही सगळ्यांचीच इच्छा आहे. पण त्याचं भाडं हौशी राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या, दिवसभर नोकरी करून रात्री नाटकाची तालीम करणाऱ्या पोरापोरींना परवडलं पाहिजे. नाहीतर भिंती मिळतील, नाटक मिळणार नाही. आणि सुशोभीकरणाच्या नावाखाली खाऊगल्लीतली एकही गाडी हलता कामा नये.

दुसरी मागणी माझ्यासारख्यांकडं. वह्या, बूट, किराणा, सगळं आपण मोबाईलवर मागवतो. मीही मागवते. पण त्या कंपनीच्या दारात आपल्या तालमीचं पावतीपुस्तक कधी जाणार नाही. अप्पा गेल्यावर दुकान भाऊ चालवतो, गेल्या सीझनला त्यानं पहिल्यांदा वर्गणी निम्मी केली. पोरांनी काही न बोलता पावती फाडली. यंदा लेकीच्या सगळ्या वह्या मी तिथूनच घेतल्यात.