चुरचुरतंय म्हणजे लागू पडतंय?

मध्यंतरी भाची घरी आली ती ओढणीनं तोंड गुंडाळूनच. विश्रामबागेतून स्कूटीवर आलेली, मला वाटलं उन्हामुळं असेल. ओढणी सोडली तर दोन्ही गाल लालभडक, नाकाशेजारी बारीक पुरळ, डोळ्यांखालची कातडी सुटलेली. कसलंसं हायड्रेटिंग टोनर, म्हणजे तोंड धुतल्यावर लावायचं ओलाव्याचं पाणी, मैत्रिणीकडून घेऊन लावत होती. सहा दिवस आग होत होती. म्हटलं, मग थांबली का नाहीस गं? तर म्हणे, "मावशी, चुरचुरतंय म्हणजे लागू पडतंय, असंच सगळ्या म्हणतात."

या वाक्याचा मला मनापासून राग आहे. ओलावा देणाऱ्या टोनरमध्ये मुख्य असतं पाणी. त्यात ओलावा धरून ठेवणारं ग्लिसरीन, पँथेनॉल, हायल्युरॉनिक ॲसिड. नावात ॲसिड आहे म्हणून दचकू नका, ते आपल्या कातडीतही असतंच. यातलं काही सहसा आग करत नाही. बहुतेक वेळा आग होते ती सुगंधानं, जास्तीच्या अल्कोहोलनं, नाहीतर आधीच सोलवटलेल्या चेहऱ्यावर लावल्यानं. आग झाली की धुऊन टाकायचं. दुसऱ्या दिवशी "बघू जरा" करायचं नाही.

बाटली मागवून बघितली. पुढं गुलाबाचं चित्र, मागं कोरी. घटक नाहीत, बॅच नंबर नाही, मुदत नाही, लायसन्स नंबर नाही. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणं हे सगळं छापावं लागतं. अहो, आपण सांगलीची माणसं! हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय हळद घेत नाही, आणि तोंडाला लावायचं पाणी डोळे मिटून घेतो?

पुढच्या बाजूला "नो प्रिझर्व्हेटिव्ह", म्हणजे टिकवण्यासाठी काही घातलेलं नाही, असं मात्र ठळक छापलेलं होतं. ही कौतुकाची गोष्ट नाही. जिथं पाणी तिथं जंतू, आणि असली बाटली बाथरूमच्या दमट फळीवर महिनोन्‌महिने असते. मला तरी प्रमाणात घातलेलं प्रिझर्व्हेटिव्ह परवडलं.

घरगुती म्हणून लिंबाचं पाणी लावणाऱ्याही आहेत. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट. लिंबाचा पीएच 2 च्या आसपास, कातडीचा 5 च्या आसपास. मग ते सौम्य कसलं?

मिरजेच्या डॉक्टरांनी सगळं बंद करायला लावलं. साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि थोडे दिवस एक मलम. गाल आता निवलेत. त्या म्हणाल्या, टोनर नाही लावलं तरी काही अडत नाही, पण हौस असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून 2 वेळा, 7 ते 10 दिवस लावून बघ. लावायचं ते ओलसर चेहऱ्यावर आणि वरून मॉइश्चरायझर.

भाचीनं मेडिकलमधून नवी बाटली आणलीय, मागची बारीक अक्षरं मोबाइलवर मोठी करून वाचून. आज पाचवा दिवस. कोपराच्या आत पेनानं गोल काढलाय, आंघोळीत पुसला की परत काढते.