देश नंतर विचारा, आधी वॉर्ड विचारा

काल रात्री साडेदहाला आत्येभावाचा फोन आला. पोरगी शेजारीच बसलेली, स्पीकर चालू. "दादा, उद्या टोकन भरायचंय. एमबीबीएसला जॉर्जिया बरं का कझाकस्तान?" नीटला सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलंय, डीम्डची, म्हणजे खासगी विद्यापीठांची, फी ऐकल्यावर घरात कुणी पुढं बोललं नाही, आणि एजंट दिवसातून दोनदा सांगतोय की सीट संपत आल्यात. निकाल लागला की मला असे फोन सुरू होतात. म्हणून इथं एकदाच सगळं लिहितोय.

मी 2013 ला किर्गिस्तानला गेलो. लातूरला एक वर्ष रिपीट करूनही नंबर लागला नव्हता. वडिलांनी दोन एकर विकलं, सगळं मिळून 22 लाख गेले. एजंटनं दिलेल्या रंगीत पुस्तकात होस्टेल होतं, इंडियन मेस होती, बर्फातले फोटो होते. वॉर्ड कुठंच नव्हता, आणि आम्हीही विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षी वॉर्डात गेल्यावर कळलं. पुस्तकं इंग्रजीत, पेशंट रशियन नाहीतर किर्गिझ बोलणारे. एका खाटेभोवती आम्ही अठरा जण. एक म्हातारी पोट धरून कितीतरी वेळ काहीतरी सांगत होती. मला त्यातलं 'बालीत', म्हणजे दुखतंय, एवढंच समजलं. कधीपासून, उपाशीपोटी की जेवल्यावर, कळ पाठीत जाते का, यातलं एकही मला विचारता येईना. मॅडमनी दोन ओळींत निदान सांगितलं, आम्ही लिहून घेतलं, पुढच्या खाटेकडं गेलो. तिच्या पोटाला हात लावायचा माझा नंबर आलाच नाही.

परत आल्यावर एफएमजीई, म्हणजे बाहेरून एमबीबीएस करून आलेल्यांना इथं डॉक्टरकी करण्यासाठी द्यावी लागणारी परीक्षा. 300 प्रश्न, पास व्हायला 150. पहिल्यांदा 127, दुसऱ्यांदा 141, तिसऱ्यांदा सुटलो. क्लास, दिल्लीतली खोली, मेस, हे पैसे कुठल्याच 'पॅकेज'मध्ये धरलेले नसतात. आजही चित्र फार वेगळं नाही. डिसेंबर 2024 ला शंभरात 29 च्या आसपास पास झाले, जून 2025 ला 19 च्या आसपास. ही पोरं ढ नसतात. पेशंट न बघता औषधशास्त्र पाठ करायला लागल्यावर दुसरं काय होणार?

पण खरी परीक्षा त्यानंतर होती. इंटर्नशिपला मराठवाड्यातल्या एका सरकारी दवाखान्यात होतो. सोयाबीन काढणीचे दिवस, संध्याकाळी एका मजुराला आणलं. घोटा सुजून काळानिळा, हिरड्यांतून रक्त. घोणस. सहा वर्षांत मी सर्पदंशाचा एक पेशंट पाहिला नव्हता. सिस्टरांनी काचेच्या कोरड्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं आणि स्टँडवर ठेवलं. मी हात पुढं केला तशा म्हणाल्या, "सर, हलवू नका. वीस मिनिटं." वीस मिनिटांनी ट्यूब तिरकी केली, रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलंच नव्हतं, म्हणजे विष अंगात भिनलेलं. लगेच एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, सुरू केलं. माणूस वाचला. त्या रात्री मी जे शिकलो, ते शिकायलाच मला सहा वर्षं पाठवलं होतं.

विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे औषध चालतं हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवलं, कारण विंचू चावलेली माणसं त्यांच्यासमोर येत होती. डॉक्टर घडतो तो असा, समोरच्या पेशंटवर.

म्हणून भावाला म्हटलं, देश राहू दे. त्या कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल आहे का, तिथं तिसऱ्या वर्षाची पोरं हिस्ट्री, म्हणजे पेशंटला विचारून आजाराची माहिती, स्वतः घेतात का, कुठल्या भाषेत घेतात, एवढं आता तिथं शिकणाऱ्या पाचव्या वर्षाच्या मुलाला विचार. एजंटनं नंबर दिलेल्याला नको. कुठल्या कॉलेजची किती पोरं एफएमजीई पास होतात, याची यादी परीक्षा घेणारं मंडळच काढतं. ती बघायला पैसे पडत नाहीत.

नोव्हेंबर 2021 पासून नियमही कडक झालेत. किमान 54 महिन्यांचा कोर्स, तो इंग्रजीतून, वर त्याच संस्थेत वर्षाची इंटर्नशिप, त्या देशात प्रॅक्टिसचा परवाना मिळण्याची पात्रता, आणि इकडं येऊन पुन्हा एक वर्ष. परीक्षेची तयारी धरली तर आठ वर्षांचा हिशोब करा, सहाचा नको. कोविडमध्ये चीनला शिकणारी आपली पोरं घरी बसून ऑनलाइन शिकली, पुढं त्यांना जादा इंटर्नशिप करावी लागली. वॉर्ड चुकला की तो असा वसूल होतो.

माझं स्पष्ट मत: पोरगी थोडक्यात हुकली असेल तर एक वर्ष रिपीट करू द्या. नीट जेमतेम क्वालिफाय झालेल्या पोराला मात्र 'तिकडं सोपं असतं' म्हणून पाठवू नका. सोपं फक्त ॲडमिशन असतं. जायचंच ठरलं तर मी आधी नेपाळ बघेन. खर्च जास्त आहे, पण आजार आपलेच, आणि हिंदीत पेशंटशी बोलता येतं. ते परवडत नसेल आणि रशियन बोलणाऱ्या देशात जायचं असेल, तर विमानात बसायच्या आधी सहा महिने ती भाषा शिका.

पोरगी इतका वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, "काका, ती म्हातारी काय सांगत होती हे नंतर कळलं का?"

नाही कळलं.

टोकन भरलेलं नाही. रविवारी ती घरी येतेय, माझ्या तिकडच्या वह्या माळ्यावरून काढून ठेवल्यात. आणखी कुणाला पोराची मार्कशीट घेऊन यायचं असेल तर या. संध्याकाळी सातनंतर मी दवाखान्यातच असतो.