अरासचा तह : राजा वाकला की जिंकला?

कट्ट्यावर १४३५च्या अरासच्या तहाचा, म्हणजे फ्रान्सचा राजा आणि बर्गंडीचा ड्यूक यांच्यातल्या समझोत्याचा विषय निघाला आणि अज्या पेटलाच. "अरे, फ्रान्सच्या राजानं नाक घासलं! याला काय तह म्हणायचं?"

त्याचा संताप उगाच नव्हता. १४१९मध्ये मोंतेरोच्या पुलावर बोलणी चालू असताना बर्गंडीच्या ड्यूकचा खून झाला, तोही युवराज चार्ल्सच्या डोळ्यांदेखत. ड्यूकचा मुलगा फिलिप मग फ्रान्सशी लढणाऱ्या इंग्रजांना जाऊन मिळाला. सोळा वर्षांनी, राजा झालेल्या चार्ल्सला त्याच फिलिपपुढे कबूल करावं लागलं की ते कृत्य वाईट होतं, मी तेव्हा लहान होतो. खुन्यांना शिक्षा, मृतासाठी प्रार्थना, पुलावर क्रूस, सगळं मान्य. राजाच्या वतीनं पॅरिसच्या एका धर्माधिकाऱ्यानं ड्यूकपुढे गुडघे टेकून क्षमा मागितली. वर माकों, ओसेर आणि सोम नदीकाठची शहरं ड्यूकच्या पदरात. राजाला निष्ठेची शपथ देण्यातूनही फिलिपला सूट.

"सूट फिलिपला, घराण्याला नाही," नीलिमानं अडवलं. "दोघांपैकी एक गेला की शपथ पुन्हा लागू. आणि सोमकाठची शहरं गहाण होती. ४,००,००० एक्यू, म्हणजे फ्रेंच सोन्याची नाणी, मोजले की परत."

"मोजणार कोण होतं?"

"मोजले ना. चार्ल्सच्या मुलानं, अकराव्या लुईनं, १४६३मध्ये."

मन्याला हा हिशेबच पटेना. "जोन ऑफ आर्कला पकडून इंग्रजांना विकलं ते बर्गंडीच्याच लोकांनी. जिनं याला मुकुट मिळवून दिला, तिला जाळून साडेचार वर्षंही झाली नाहीत तोवर हातमिळवणी?"

ते मलाही फार लागतं. तरी माझं मत नीलिमाच्या बाजूनं. फिलिप इंग्रजांकडे होता तोवर इंग्रजांच्या ताब्यातलं पॅरिस हाती येणं कठीण होतं. पोपच्या दूतांनी त्याला इंग्रजांना दिलेल्या शपथेतून मोकळं केलं, तिथेच बाजी पलटली. इंग्रज वाटाघाटी सोडून आधीच निघून गेले होते, आणि सह्या होण्याच्या आठवडाभर आधी त्यांचा खंबीर कारभारी बेडफर्ड रूआँला वारला. पुढच्या एप्रिलात पॅरिस राजाचं झालं.

"आणि खुन्यांचं काय?" अज्या हट्टाला पेटला.

इथे नीलिमा आणि मी दोघंही अडलो. ज्याच्यावर मुख्य आरोप होता तो तानगी द्यू शातेल पुढेही राजाच्याच चाकरीत राहिला, राजदूत म्हणून रोमलासुद्धा गेला. ते कलम कागदावरच राहिलं. तेवढं अज्याचं खरं.