एक मिनिटाचं काम

"एका मिनिटाचं काम आहे हो, त्याला कशाला भूल?" दोन वर्षांपूर्वी ठाण्यातल्या एका दवाखान्यात हे ऐकून मी मान डोलावली होती. त्याची लाज अजून जात नाही.

आमच्या बोक्याला, गुंड्याला, शेपटीच्या बुडाशी गळू झालं होतं. बोक्यांच्या मारामारीत दात आत घुसतो, वरचं भोक लगेच बुजतं आणि आत पू साठत राहतो. (नसबंदी मीच लांबणीवर टाकली होती, ते वेगळंच.) मदतनीसाने मानगूट धरून त्याला टेबलावर दाबलं. डॉक्टरांनी केस कापले, चीर दिली, पू पिळला, धुतलं. गुंड्या हूं नाही की चूं नाही. "बघा, किती शहाणा आहे!" मलाही कौतुक वाटलं.

शहाणा कसला, भीतीने गोठला होता. कुत्रं केकाटतं, मांजर दुखणं लपवतं. दुखत असताना ते गुरगुरतंसुद्धा, आणि आपण म्हणतो, बघा कसं खुशीत आहे.

मग वाचायला लागले. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायचं एक माप प्रसिद्ध केलंय. कान, डोळे, मुस्कट, मिशा आणि डोक्याची ठेवण, प्रत्येकाला 0 ते 2 गुण. बेरीज 10 पैकी 4 किंवा त्याहून जास्त झाली की दुखणं कमी करायचं औषध द्यायचा विचार करायचा. टेबलावर दाबून धरलेल्या मांजराला हे लावून उपयोग नाही, ते घरी निवांत असताना बघायचं. त्या संध्याकाळी कपाटाखाली बसलेल्या गुंड्याचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. कान बाहेर वळलेले, डोळे बारीक, डोकं खांद्याच्या खाली. मी 7 दिले.

त्या संध्याकाळी शेजारच्या काकूंनी प्रेमाने सुचवलं होतं, "अर्धी तापाची गोळी दे ना." नशीब, दिली नाही. मांजराच्या यकृताला पॅरासिटामॉल पचवता येत नाही. रक्तातल्या लाल पेशी प्राणवायू वाहू शकत नाहीत, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात. अर्ध्या गोळीनेही जीव जाऊ शकतो. माणसांच्या डब्यातलं काहीही मनाने देऊ नका.

डॉक्टरांची बाजू मला कळते. संध्याकाळी सातला बाहेर दहा जण ताटकळत असतात. भुलीत धोका असतो, म्हाताऱ्या किंवा मूत्रपिंड अधू झालेल्या मांजरात जास्तच. शिवाय पू झालेल्या जागी सुन्न करायचं इंजेक्शन नीट लागू पडत नाही, तिथे दुसरं काहीतरी द्यावंच लागतं. पण "द्यावं लागतं" आणि "कशाला द्यायचं" यात फरक आहे की नाही? आणि हो, झोपवणं वेगळं, दुखणं थांबवणं वेगळं. काही औषधांनी मांजर नुसतं सुस्त पडतं, दुखायचं ते दुखतंच.

गेल्या आठवड्यात पत्र्याने त्याची मांडी कापली. या वेळी दुसरीकडे गेलो, पोखरण रोडने रिक्षात तो सगळा वेळ ओरडत होता. या डॉक्टरबाईंनी आधी वजन केलं, कधी खाल्लंय ते विचारलं, टोपलीचं वरचं झाकण काढून आत बसल्या बसल्याच त्याला इंजेक्शन दिलं. मानगुटीला हात नाही. तो पेंगल्यावर जखमेभोवती लिग्नोकेन, म्हणजे सुन्न करायचं इंजेक्शन, मग 3 टाके, आणि घरी द्यायला दुखण्याचं औषध वजनाप्रमाणे मोजून. पुढच्या वेळी नुसतं रक्त काढायचं असलं तरी सांगा म्हणाल्या, घरून निघायच्या दोन-तीन तास आधी गॅबापेंटिन हे भीती कमी करणारं औषध देता येतं. सुन्न करायचं मलमही असतं, फक्त ते लावून अर्धा तास थांबावं लागतं.

बिल मागच्या वेळच्या तिप्पट आलं. घरात त्यावरून बोलणी झालीच.

टाके पुढच्या आठवड्यात काढायचेत. त्याने पाय धरू दिला नाही तर काय देणार, हे मी आत्ताच विचारून ठेवलंय.