वेल्समध्ये वेल्श बोलतात, याचीही तक्रार?

सकाळपासून डोकं तापलंय म्हणून लिहितेय. लांबण लागणार आहे. कंटाळा येणाऱ्यांनी नुसते फोटो बघून पुढे जा.

आमच्या लिव्हरपूलच्या मराठी ग्रुपवर मे महिन्यातल्या बँक हॉलिडेचं ठरत होतं. मी सुचवलं, ग्विनेदला जाऊ, म्हणजे वेल्सच्या वायव्य भागात. गाडीने दोन-अडीच तास. डोंगर आहेत, समुद्र आहे, पोरांना चढायला अर् विद्वा आहे (तेच ते स्नोडन, १०८५ मीटर. कळसूबाईहून बरंच बुटकं, पण तिथल्या हवेला कमी लेखू नका). तर एका काकांचा मेसेज आला: "तिकडे नको. लोक उद्धट आहेत. आपण दुकानात शिरलो की मुद्दाम इंग्रजी सोडून त्यांच्या भाषेत सुरू होतात." पटापट अंगठे पडले त्यावर! आणि हेच काका, ज्यांनी मागच्या आठवड्यात 'मुंबईत राहायचं तर मराठी बोलायलाच हवं' ही पोस्ट फॉरवर्ड केली होती. तिलाही याच लोकांचे अंगठे होते.

काका, एक शंका विचारू? तुम्ही दुकानात शिरायच्या आधी ते इंग्रजीत बोलत होते, हे तुम्हाला बाहेर उभं राहून कसं ऐकू आलं?

गेल्या वर्षी आम्ही ग्विनेदमधल्याच ल्हीन द्वीपकल्पावर गेलो होतो, पार टोकाला, आबरदारोनच्या बाजूला. तिथले रस्ते म्हणजे एक गाडी जेमतेम मावेल एवढे. समोरून गाडी आली म्हणून नवऱ्याने डावीकडे घेतली आणि दगडी बांधाला घासून टायर गेलं. फोनला रेंज नाही, पाऊस सुरू. मागच्या सीटवर आई (साताऱ्याहून आली होती) रामरक्षा म्हणायला लागली. थोड्या वेळाने क्वाडबाइकवरून एक शेतकरी आला, सोबत तेरा-चौदा वर्षांचा मुलगा, मागे कुत्रा. आम्हाला इंग्रजीत म्हणाला, गाडीतच बसा, भिजू नका. आणि बापलेक कामाला लागले. वेल्शमध्ये. चाकाचे तीन नट सुटले, चौथा मात्र खास किल्लीनेच उघडणारा, लॉकवाला होता. त्याची किल्ली सापडेना. आमच्या फराळाच्या पिशव्या बाहेर काढून मुलाने ती स्पेअर चाकाच्या खालच्या खाचेतून शोधली. मग नट हलेना, तर पोरगा पान्यावर चक्क उभा राहिला. बाप ओरडतोय, पोरगा उलट बोलतोय. जॅक कुठे लावायचा यावरून जुंपलेली, हे हातवाऱ्यांवरून आंधळ्यालाही कळलं असतं.

आणि आमचे हे माझ्या कानात विचारतात, "आपल्याला शिव्या घालतायत का गं?" मराठीत विचारतात. त्या दोघांच्या देखत!

कुणी काय करायला हवं होतं हो? बापाने स्वतःच्या शेताच्या बांधावर, स्वतःच्या पोराशी परक्या भाषेत भांडायचं, का, तर आम्हाला गाडीत बसून करमणूक हवी?

ग्विनेदमध्ये २०२१ च्या जनगणनेत ६४ टक्के लोकांना वेल्श येतं. संपूर्ण वेल्समध्ये हाच आकडा १८ च्या आत आहे. म्हणजे ही भाषा रोजच्या व्यवहारात, भाजी घेताना, टायर बदलताना टिकलेली जी काही थोडी जागा आहे, ती ही. आणि ती आपोआप टिकलेली नाही. एकोणिसाव्या शतकात तिथल्या कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाची पट्टी अडकवायचे. दुसरं कुणी बोलताना सापडलं की पट्टी त्याच्या गळ्यात. दिवसाच्या शेवटी ज्याच्याकडे असेल त्याला मार. पोरांनीच पोरांवर पाळत ठेवायची!

आणि आपण लिव्हरपूलकरांनी तर तोंडच उघडू नये. बालाजवळ ट्रवेरिनच्या खोऱ्यात कापेल केलिन नावाचं गाव होतं. घरं, शाळा, पोस्ट, चॅपल, सगळं वेल्श बोलणारं. आपल्या या शहराला पाणी हवं म्हणून १९५७ मध्ये पार्लमेंटने कायदा केला. वेल्सच्या एकाही खासदाराने त्याच्या बाजूने मत दिलं नाही, तरी झाला. १९६५ मध्ये गाव धरणाखाली गेलं. आपल्या लिव्हरपूलच्या नगरपालिकेने माफी मागितली ती २००५ साली. मुळशीच्या सत्याग्रहाबद्दल, सेनापती बापटांबद्दल ग्रुपवर गहिवरून लिहिणारे आपण, त्या तलावाच्या काठावर सेल्फी काढून येतो आणि वर म्हणतो लोक उद्धट आहेत!

बरं, असतीलही काही उद्धट. एखादा दुकानदार तुसडा भेटलाही असेल काकांना. पुण्यात राहून आलेल्या माणसाने त्याचं एवढं वाटून घ्यावं?

जरा शांत होते. चहा घेऊन आले.

त्याच ट्रिपमध्ये बेद्गेलर्टला गेलो होतो. नदीकाठी एक झाड, खाली कुत्र्याची समाधी. लेवेलिन राजा शिकारीहून परत येतो, पाळणा उलटलेला, कुत्र्याचं तोंड रक्ताने माखलेलं. तलवार उपसून त्याला मारतो, आणि मग पाळण्याखाली बाळ सुखरूप, शेजारी मेलेला लांडगा. मी आईला वाचून दाखवत होते, तर अर्ध्यातच ती म्हणाली, "अगं, ही तर मुंगसाची गोष्ट!" पंचतंत्रातली ती ब्राह्मणीची, हो, तीच. समाधी तर म्हणे तिथल्या एका खाणावळवाल्याने अठराव्या शतकात गिऱ्हाईक वाढवायला उभारली. तरी आईने चपला काढून हात जोडलेच.

टायरवाल्या शेतकऱ्याने हात पुसता पुसता विचारलं होतं, तुम्ही आपसात कुठली भाषा बोलता? मराठी म्हटलं. किती लोक बोलतात? आठ कोटींच्या वर. त्याने शिट्टीच वाजवली. त्यांचे साडेपाच लाखसुद्धा भरत नाहीत. "मग तुम्हाला काय काळजी!" म्हणाला. मी नुसती हसले. दादरच्या आमच्या शाळेच्या मराठी वर्गांचं काय झालं, हे भर पावसात कुठे सांगत बसू?

त्याची मोठी मुलगी कार्डिफला राहते. गावातच राहायचं होतं तिला, पण घर परवडेना. परवडणार कसं? किनाऱ्यावरची घरं बाहेरच्यांनी सुट्टीपुरती घेऊन ठेवलेली. ल्हीनवरच्याच आबरसोखला जाऊन बघा, हिवाळ्यात अख्ख्या गल्लीत दिवा नसतो. तिथली गावची शाळा २०२१ च्या डिसेंबरमध्ये बंद झाली, मुलंच उरली नाहीत. आणि आपल्या ग्रुपवर गेल्याच महिन्यात कोण विचारत होतं, 'ल्हीनला कॉटेज घेऊन ठेवलं तर भाडं किती सुटेल'? कोकणात परप्रांतीयांनी जमिनी घेतल्या की आपल्याला झोप लागत नाही ना?

पर्यटकांच्या पैशावर तिथली बरीच घरं चालतात, मान्य. म्हणून तर जा म्हणतेय. जा, खर्च करा, दुकानात शिरताना 'बोरे दा' (सुप्रभात) म्हणा, निघताना 'दिओल्ख' (धन्यवाद) म्हणा. उच्चार चुकला तरी कुणी खात नाही.

तर मी जाणारच आहे. अर् विद्वासाठी पेन-अ-पासचं पार्किंग आधी बुक करावं लागतं, नाहीतर खाली गाडी लावून बसने वर. डोंगर ढगात असला तर लान्बेरिसला स्लेटच्या खाणीच्या पायऱ्या बघू, कड्यावर कडे कापत नेलेत नुसते. राहायला कॉटेज नाही, गावातल्याच एका बाईंकडे खोल्या घेतल्यात. गाडीत दोन जागा आहेत. यायचं असेल त्यांनी इथे कमेंट न करता सरळ फोन करा. वॉटरप्रूफ जॅकेट आणा. छत्री नको, तिथल्या वाऱ्यात उलटी होते.